दर्याचा नवस

सदा तांडेलाचा डावा डोळा गेला तो घरच्यांच्या शहाणपणाने. डोळा लाल झाला, कपाळ ठणकू लागलं, नजर धूसर झाली, तेव्हा आगरदांड्याच्या कोळीवाड्यात ज्याला त्याला मोतीबिंदूच दिसला. "पिकू दे, मंग काढू," असं सगळे म्हणाले. मोतीबिंदू नव्हताच तो. पिकायची वाट बघता बघता डोळा विझला, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच लाली उजव्या डोळ्यात उतरली.

या खेपेला सदाच्या बायकोने, रंगूने, कुणाचं म्हणून ऐकलं नाही. पावसाळ्यात बंद असलेली आगबोट सुरू होताच तिने नवऱ्याला मुंबईच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी मिटल्या पापणीवरून डोळा चाचपला.

"दगड झालाय नुसता. आतल्या सुजेने डोळ्यातल्या पाण्याची वाट बंद केलीय, ती कापून मोकळी करावी लागेल. बाई, आशा आहे, पण खात्री मागू नका."

सदाला आत नेलं तशी रंगू बाहेर पदर पसरून बसली. देव पुष्कळ आहेत, पण कोळणीला आधी दर्या आठवतो. "दर्याराजा, येवढा डोला राख. घरात पाय ठेवायच्या आधी तुजं पानी त्याला लावीन."

डोळा राहिला. पट्टी सोडल्यावर सदाने तिच्या बांगड्यांचा रंग सांगितला, आणि ती बाई सगळ्यांदेखत ढसाढसा रडली. निघताना डॉक्टरांनी पुन्हा पट्टी बांधून बजावलं, "जखम कच्ची आहे. पाण्याचा थेंब लागता कामा नये."

"दर्याचं बी न्हाय?"

"ते तर मुळीच नाही."

परतताना आगबोटीत रंगू एकच हिशेब घालत होती. डॉक्टर मुंबईत राहिला. दर्या तर दारात. उद्या सदा होडी घालणार ती त्याच्याच छातीवर. नवस बुडवलेल्या तांडेलाला तो परत पाठवील? आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरल्यावर तिने हात बाहेर घालून बोट भिजवलं, पट्टीची कड उचलली आणि ते पापणीच्या कडेला टेकवलं. एवढंच, एक बोट.

"काय गो?" सदा म्हणाला.

"नवस फेडला."

सदाने हसून पाण्याकडे हात जोडले.

दोन दिवस बरे गेले. मग पापणी सुजून टम्म झाली, डोळ्यात पू भरला. दिवा डोळ्यासमोर धरला तरी सदा विचारी, "लावला का?" रंगूला सगळं कळलं. कळून काय उपयोग होता!

पुन्हा धक्क्यावर आगबोटीची वाट बघत दोघं बसली. ठणक्याने सदा गुडघ्यात डोकं घालून कण्हत होता. भरती चढत होती. त्याने चाचपडत तिचा हात धरला.

"रंगू, मागं दर्यानं तुजं ऐकलं. परत नवस बोल गो."

रंगूने समोरच्या पाण्याकडे पाहिलं. दर्यात भिजवलेलं ते बोट तिने मुठीत मिटून घेतलं.

"बोललीस?" सदाने विचारलं.