त्रेचाळीस नंबरची थाळी

मी एक जुनी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची थाळी आहे. माझ्या काठाला दोन पोचे आहेत आणि पाठीवर आकडा ठोकलेला आहे, त्रेचाळीस. मित्रांनो, मी आता बहारीनमध्ये, सनद नावाच्या गावातल्या एका खोलीत राहते.

माझा धनी तुकाराम फरशी बसवतो. तो रायगडचा कातकरी. सहा वर्षांचा असताना त्याला डोंगराखालच्या निवासी शाळेत आणलं आणि मी त्याच्या हाती आले. त्याचं घरचं नाव गुरुजींना गावंढळ वाटलं, म्हणून त्यांनी हजेरीत तुकाराम लिहिलं. कुणी घरची बोली बोललं, की गुरुजी त्या मुलाची थाळी पंगतीत पालथी घालत. मी कितीदा तरी पालथी झाले. उपाशी तुकाराम माझ्या पाठीवर हात ठेवून बसे.

तरी त्याने मला टाकलं नाही. खोलीतला महाडचा महमूद त्याला चिडवतो, "यल्ला, चल लवकर, तुझी बेगम घासून झाली का?" तुकाराम हसतो. पण घरचं नाव त्याने महमूदलाही सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. ज्यांनी ते पुसलं त्यांनीच एकदा विचारावं, एवढीच त्याची इच्छा होती.

१९९४ साली इथल्याच झिंज भागात अरुणाताई नावाच्या एका मराठी बाईंच्या घरी फरशीचं काम निघालं. मुंबईहून त्यांचे वडील आले होते. तुकारामने त्यांना सकाळीच ओळखलं, पण तो फरशी बसवत राहिला. दुपारी ताईंनी त्याला जेवायला बसवलं. शाळेत ज्याची थाळी त्याने न्यायची असे. त्या सवयीने त्याने पिशवीतून मला काढलं. ताई ओशाळल्या. आमच्याकडे ताटं आहेत हो, म्हणाल्या. वडिलांनी मला उचललं आणि माझी पाठ पाहिली. ते गुरुजीच होते.

त्यांनी आकड्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "तुझं घरचं नाव काय होतं रे?"

"चैत्या."

"चैत्या, मी चुकलो. मला वाटायचं, तुमचं भलंच करतोय."

"माफ करायला अजून जमत नाही, गुरुजी," तो हळूच म्हणाला. "पण भात निवतोय. जेवा."

गुरुजी महिनाभर राहिले. दर शुक्रवारी चैत्या त्यांच्याकडे जाई आणि पंगतीतल्या मुलांची घरची नावं सांगे. गुरुजी ती वहीत लिहून घेत. एकोणीस नावं झाली. बाकीची दोघांनाही आठवली नाहीत.

मित्रांनो, तुमच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला त्याची आई काय म्हणून हाक मारते, ते आजच विचारा. गुरुजींसारखी तीस वर्षं थांबू नका.