फक्कीचं दार

तिच्या यादीत एकशे बारा गोष्टी होत्या. पासपोर्टच्या दोन-दोन झेरॉक्स, बुटांच्या जादा लेस, ओळंबे तीन (एक हरवणारच), जुलाबाच्या गोळ्या, आणि अगदी शेवटी ‘सुतारांना विमानात खिडकीपाशी बसवू नये’. सुतारांना शिडीच्या चौथ्या पायरीवर घेरी येते, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं.

“वहिनी, एक राहिलं,” रविवारच्या उपासनेनंतर हॉलमध्ये बैठक भरली तेव्हा सुतार म्हणाले. “विमान पडलं तर काय, ते लिहा.”

“ते एकोणनव्वदावर आहे. विमा.”

हॉलमध्ये हशा पिकला. ती मात्र गंभीर होती.

मंडळीत तिचं नाव ‘जरतर’ पडलं होतं. जर सिमेंट वेळेवर आलं नाही तर, जर कोणाचं बोट चेमटलं तर, जर तिकडचं पाणी बाधलं तर. मन चिंती ते वैरीही न चिंती म्हणतात, आणि तिचं मन तर त्या कामाला पहाटेच लागायचं. घरात या सवयीला कोणी विचारत नव्हतं, पण इथे तिला एकदम भाव आला होता. कारण बेतच तसा होता. मंडळीतली दहा माणसं बारा दिवसांसाठी समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ गावात चर्च बांधायला जाणार होती. तिथली तीस घरं एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला जमत. पाया आणि भिंती ते लोक स्वतः उभारणार, छप्पर, चौकटी आणि गिलावा इकडच्यांनी जाऊन करायचा, असं ठरलं होतं.

नकाशा तिने काढला होता. पाच वर्षं वास्तुकलेचं शिक्षण, मग तीन वर्षं एका ऑफिसात बसून लोकांच्या बाथरूमच्या टाइल्स मोजणं, मग मुलगी. गेल्या चौदा महिन्यांत तिने पेन्सिल हातात धरली ती फक्त या नकाशासाठी. तीस बाय अठरा फुटांची साधी खोली, पण ती काढताना मुलगी झोपेतून उठू नये म्हणून श्वास धरून बसायची, आणि वाटायचं, आपण अजून आहोत बरं का.

“नऊ नावं पक्की झाली,” पाळक म्हणाले. “दहावं शनिवारच्या तालमीनंतर मला हवं. रविवारी तिकिटं काढायची आहेत. नाही जमलं तर आपण नऊच जाऊ, काही बिघडत नाही.”

“बिघडत कसं नाही?” मिस्त्रीकाका म्हणाले. चाळीस वर्षं भिंती उभ्या केलेला माणूस, मिशासुद्धा सिमेंटच्या रंगाच्या. या कामाचे ते म्होरके. “तिकडे अडलं तर नकाशा वाचणार कोण? मला चष्मा लावून फक्त तारीख वाचता येते.” मग तिच्याकडे न बघताच, जणू छताला सांगत असल्यासारखे म्हणाले, “जबरदस्ती नाही हं सूनबाई.”

ती मान हलवून यादीत बघत राहिली. जायचं नसतं तर सोपं होतं, मुलगी लहान आहे म्हटलं की संपलं. घोडं अडलं होतं ते जायचं होतं म्हणून. आणि मुलगी तर आईचा कान मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हती. डावा कान. उजवा चालत नसे.

घरी सासूबाई मुलीच्या लंगोटांच्या घड्या घालत बसल्या होत्या. त्या निवृत्त नर्स. घड्याही अशा घालायच्या की पट्टीने मोजून घ्याव्यात. सुनेने पर्स ठेवली न ठेवली तोच त्यांनी विचारलं, “काय ठरलं?”

“शनिवारपर्यंत सांगायचंय.”

“मिस्त्री भिंतीची तालीम घेतो म्हणे आधी?”

“हो. कागदावर राजवाडाही उभा राहतो म्हणतात. जमिनीवर आखून, त्यात फिरून बघितल्याशिवाय ते वीट लावत नाहीत.”

“शहाणा माणूस आहे. मग आपणही तालीम घेऊ. गुरुवारी तू ताईकडे जा राहायला. एक रात्र.”

“आणि ती रडली तर?”

“रडेल. तुझा नवरा बारा वर्षांचा होईपर्यंत शाळेत जाताना रडायचा. काय झालं त्याला?”

“आठ!” स्वयंपाकघरातून आवाज आला. “आई, आठ वर्षांचा होईपर्यंत!”

गुरुवारी ती दोन बस-स्टॉपवरच्या थोरल्या बहिणीकडे गेली. जाताना सासूबाईंच्या हातात चार पानी सूचना दिल्या. पस्तीस वर्षं बालविभागात काढलेल्या बाईने त्या शांतपणे वाचल्या आणि फ्रिजला चिकटवल्या. सात वाजता तिने फोन केला. जेवली. साडेसातला केला. खेळतेय. आठला नवऱ्याने उचलला.

“झोपली. आईचा कान धरून.”

“रडली का?”

“पाचेक मिनिटं.”

“पाचच?” ती म्हणाली, आणि आपल्या आवाजात सुटकेबरोबर थोडा रागही आहे हे तिचं तिलाच ऐकू आलं.

“अगं, पंधरा मिनिटं रडायला सांगू का तिला?”

त्या रात्री चौदा महिन्यांत पहिल्यांदा ती सलग आठ तास झोपली, आणि सकाळी उठून त्याचंच रडू आलं. बहीण म्हणाली, “तुझं कठीण आहे. झोप नाही म्हणून रडतेस, मिळाली म्हणूनही रडतेस.” घरी परतल्यावर मुलीने पाव तास तिच्याकडे बघितलंच नाही, आणि मग जी गळ्याला मिठी मारली ती दुपारपर्यंत सोडली नाही. म्हणजे तालीम पास झाली की नापास, हे काही ठरेना. पासपोर्ट मात्र तिने मुलीच्या पिशवीत टाकला, डायपर आणि बिस्किटांच्या मधोमध. असू दे जवळ, म्हणून.

शनिवारी दुपारी चारला हॉलमागच्या मैदानात सगळे जमले. मिस्त्रीकाकांनी खुंट्या ठोकून, सुतळी ताणून, तिच्या नकाशाप्रमाणे पांढऱ्या फक्कीने चर्च आखलं होतं. भिंती, दोन्हीकडच्या खिडक्या, पुढे व्यासपीठ, आणि व्यासपीठाच्या शेजारी दार. तिकडची जागा उताराची होती, रस्ता एकाच बाजूला, म्हणून दार तिथेच घ्यावं लागलं होतं.

“आता ही भिंत आहे,” काका बजावत होते. “कोणी ओलांडायची नाही. दारातून या, दारातून जा.”

मग तासभर तालीम चालली. छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी कैच्यांऐवजी लांब बांबू घेतले. कोण कुठे उभं राहणार, कोण ‘उचला’ म्हणणार, कोणी गप्प बसायचं. गप्प बसायचं काम सुतारांना दिलं, ते त्यांना सगळ्यात जड गेलं. ती हातात नकाशा घेऊन सासूबाईंशेजारी उभी राहून बघत होती. मुलगी कडेवर. आपण कागदावर ओढलेल्या रेषांतून खरीखुरी माणसं वळणं घेऊन चालताहेत, हे बघून तिला काहीतरी नवंच वाटलं. भीती नव्हे. भीती तिला पाठ होती.

“काम झालं, आता बसूनही बघू,” पाळक म्हणाले. “शेवटी लोक बसणारच आहेत.”

हॉलमधून घडीच्या खुर्च्या आणून रांगा लावल्या. बघायला आलेली मंडळीही आत येऊन बसली. ती मुलीला घेऊन सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीकडच्या टोकाला बसली. पाळक व्यासपीठावर उभे राहिले, गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्याच ओळीला मुलीने सूर लावला. नुसती कुरकुर नाही, चांगला मोकळा गळा.

ती सवयीने उठली, आणि थबकली. जायचं कुठून? दार पार पुढे. रांगेतल्या सात जणांचे गुडघे ओलांडायचे, मग रडतं मूल घेऊन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मधल्या वाटेने चालत जायचं, पाळकांच्या नाकासमोरून वळायचं, तेव्हा कुठे बाहेर. तिने इकडेतिकडे पाहिलं, मूल आणखी चिडलं, आणि ती सरळ फक्कीची रेघ ओलांडून बाहेर पडली.

“अहो सूनबाई, भिंतीतून चाललात!” काका ओरडले.

सगळे हसले. ती हसली नाही. मुलीला खांद्यावर थोपटत ती त्या पुसट झालेल्या रेघेकडे बघत राहिली.

“काका,” ती म्हणाली, “नकाशा चुकलाय.”

गाणं थांबलं.

“माझीच चूक आहे. आपल्या चर्चला बाजूची ती काचेची खोली आहे ना, रडणाऱ्या मुलांची. चौदा महिने मी तिथेच बसतेय. उपासना काचेतून बघायची इतकी सवय झालीय की मी नकाशात फक्त काचेपलीकडचं चर्च काढलं. आपली जागा काढायचीच विसरले. तिकडे आयांनी कुठे बसायचं? आणि बाहेर कुठून पडायचं?”

एकशे बारा गोष्टी लिहिणारी बाई स्वतःलाच विसरली होती. तिचे कान लाल झाले.

“तिकडच्यांनी तर नकाशा पसंत केला,” सुतार म्हणाले. “काहीच बोलले नाहीत.”

“मग विचारू या की,” पाळकांनी खिशातून फोन काढला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर तिथले पाळक आले, मागे त्यांची बायको, पाठीवर मूल बांधलेली. इकडच्या पाळकांनी इंग्रजीत विचारलं, तिकडच्यांनी आपल्या भाषेत बायकोला. ती आधी संकोचली. मग बोलायला लागली ती थांबेचना, आणि नवऱ्याचा चेहरा हळूहळू पडत गेला.

“ती म्हणते,” त्यांनी शेवटी सांगितलं, “लहान मुलांच्या आया आताही शेडबाहेर खिडकीशी उभ्या राहूनच ऐकतात. नव्या चर्चला मागे एक दार असतं तर बरं झालं असतं, असं बायकांमध्ये बोलणं झालं होतं. पण तुम्ही एवढ्या लांबून येऊन फुकट बांधून देणार, आणि आम्ही वर आणखी दार मागायचं?” ते घुटमळले. “मला हे आत्ताच कळतंय.”

बायकोच्या पाठीवरचं मूल पडद्याला हात लावायला बघत होतं.

“पाया ते सोमवारी घेणार ना?” मिस्त्रीकाकांनी पाळकांना विचारलं. “मग काही बिघडलेलं नाही. चूक फक्कीत सापडली, भिंतीत नाही. म्हणून तर तालीम घ्यायची असते, सूनबाई, मान खाली घालू नका. मागे उतार आहे, दोन पायऱ्या लागतील. सुतार, आणखी एक चौकट?”

“करतो की. चार दिवसांत करतो.” सुतारांनी तिकडचं ओलं लाकूड कधीच नामंजूर केलं होतं. सगळ्या चौकटी ते इथलं सुकलेलं लाकूड वापरून, मधोमध खाच घेऊन, दोन-दोन तुकड्यांत करत होते, म्हणजे बॅगांत मावतील. “पण न्यायची कशातून? नऊ बॅगा तेवीस-तेवीस किलोंनी ठासून भरल्यात. माझ्या बॅगेत माझा शर्टसुद्धा एकच आहे. नववीत तर आता खिळाही जायचा नाही.”

“दहावी?” काका छताला सांगितल्यासारखं आभाळाला म्हणाले.

मग सगळे मुद्दाम दुसरीकडे बघू लागले. पाळक फोनकडे, सुतार बुटांकडे. सासूबाई उठल्या, मुलीला तिच्याकडून घेतलं आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. मुलगी दोन हुंदके देऊन थांबली आणि आजीचा कान चाचपू लागली.

“आई, बारा दिवस आहेत,” ती हळूच म्हणाली.

“मोजता येतात मला.”

“आणि जर—”

“जर ती रडली तर मी आहे. जर आजारी पडली तर मी नर्स आहे. जर तू रडलीस तर तिकडे मिस्त्री आहेत. झालं?”

तिने मुलीच्या पिशवीत हात घातला. डायपर, ओले रुमाल, बिस्किटं, आणि खाली पासपोर्ट. तो तिने पाळकांपुढे धरला.

“यात चुरा कसला आहे?” पाळकांनी पानं झटकली.

“बिस्किटांचा,” ती म्हणाली. “विमानतळावर अडवतील का?”

“घ्या! जरतर येणार, पक्कं झालं!” सुतार म्हणाले, आणि मैदानात पुन्हा हशा पिकला. या वेळी तीही हसली.

मिस्त्रीकाकांनी फक्कीचा डबा तिच्या हातात दिला. तिने मागच्या कोपऱ्याजवळची रेघ पायाने पुसली, पावलं मोजून तीन फुटांची फट ठेवली, बाहेर दोन पायऱ्या आखल्या. मग यादी काढून एकशे तेरावर लिहिलं, ‘मागचं दार, माझ्या बॅगेत’. जरा विचार करून खाली एकशे चौदा, ‘आईंना डावा कान सांगणे’.

मंडळी खुर्च्या मिटून हॉलकडे नेऊ लागली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी जो तो खुर्ची काखेत मारून त्या नव्या दारातूनच बाहेर पडत होता, आणि नसलेल्या पायऱ्या सांभाळून उतरत होता. सासूबाईंनी मुलीला खाली सोडलं. ती डुगडुगत निघाली, दाराकडे ढुंकूनही न बघता थेट भिंतीतून आईकडे. पायांना पांढरी फक्की लागलेली.

“ही बघा,” मिस्त्रीकाका म्हणाले, “एवढी मेहनत केली आणि हिला दार लागतच नाही.”