काळ्या मातीची भाजावळ

चैत्राचं ऊन पिवळंजर्द, आकाश निरभ्र, वर सड्याच्या कातळमाळावर काजूचा गंध दरवळलेला. आणि खाली, दरीच्या कुशीत, धूर. पांढुरका, चिकट, कुजट धूर. सकाळी तोच, सांजेला तोच. शी!

तिथे पाणथळ राई होती. श्यामल, शीतल, जलमग्न राई. हजारो वर्षांची पानं तिथे गळली, पाण्याखाली गेली आणि पुरती कुजलीच नाहीत. थरावर थर साचून त्यांची कृष्णकोमल माती झाली. पाणी होतं तोवर ती माती साऱ्या रानाचे निःश्वास पोटात धरून निजली होती.

बाबल गावड्याला तिथे अननस हवा होता. त्याने झाडं तोडली, मधोमध चर खणला, झऱ्याचं पाणी ओढ्याला लावलं. काय तो उत्साह, अगदी ओंगळ उत्साह! माती सुकली, भेगाळली, हातभर खचली. मग चाळीस वर्षं दरसाल करायचा तशी त्याने जमीन भाजायला भाजावळ मांडली: तोडलेल्या फांद्यांची कवळ पसरली, वर सुक्या पानांचा पातेरा, वर शेण. ही माती चुलीत पडली तर धुमसते, असं बायको द्रौपदीने बजावलं. बाबल हसला.

"माती कधी जळता काय?" म्हणाला, आणि काडी ओढली.

जळली. पातेरा विझला, माती पेटली. वर राख, आत निखारा. आत, आणखी आत, मुळामुळांतून सरपटणारा निखारा. घागरी ओतल्या, त्या भेगांनी गिळल्या. युगांनी राखलेलं सारं तीन आठवड्यांत आभाळात चाललं होतं आणि हा माणूस अजून लावणीसाठी आणलेले अननसाचे फुटवे मोजत होता. किळस येते हो अशा माणसाची.

त्याची नात चित्रांगी, दीड वर्षांची. तिला एकच शब्द यायचा: आजो. आजोच्या खांद्यावाचून तिला झोप नसे. खोकून खोकून ती निळी पडली, तेव्हा सुनेने बोचकं बांधलं.

"धूर विझल्याशिवाय मी येवचंय नाय," ती म्हणाली आणि लेकराला घेऊन माहेरी गेली.

घर मुकं झालं. द्रौपदी म्हणाली, "चर बुजवा."

तिसऱ्या दिवशी बाबलने फुटव्यांच्या मोळ्या उचलल्या आणि चरात लोटल्या. वर दगड, वर चिखल, पुन्हा मोळ्या. झरा अडला, तुंबला, पसरला. माती फुसफुसली, वाफाळली, काळं पाणी घोट्यापर्यंत चढलं. पंधरवड्याने दरी निर्धूम झाली.

मग सून आली. शिकेकाईने न्हालेला, धुतलेलं धोतर नेसलेला बाबल अंगणात उभा होता. त्याने हात पसरले. चित्रांगी झेपावली, खांद्याला नाक लागलं आणि थबकली. त्या कातडीत धूर मुरला होता, राख मुरली होती, जळलेली राई मुरली होती.

लेकरू मागे सरलं. आईच्या पदरात तोंड लपवलं. माहेरी ती नवा शब्द शिकून आली होती.

"शी," ती म्हणाली.

बाबलचे हात तसेच पसरलेले राहिले; रिकामे, काळे, उन्हात.