चौदावा संगणक

“ह्याच्यावर सही करा मॅडम, भंगाराचा टेम्पोवाला खोळंबलाय,” मुख्याध्यापक गोरक्षनाथ सरांनी कागद पुढे सरकवला. चौदा संगणक निरुपयोगी असल्याचा दाखला होता तो.

सिल्व्हियाने पोटाशी धरलेला चौदावा संगणक टेबलावर आदळलाच. उरलेले तेरा बाहेर टेम्पोत चौदाही मॉनिटरसकट रचलेले होते.

“सर, तुमी शनवारपर्यंत मुदत दिल्ती.”

“मग आज शनवारच हाय की.”

खर्ड्याच्या या कन्याशाळेत ती अकरा वर्षं संगणक शिकवत होती. यंत्रं जुनी, पण तिने त्यांवर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली बसवली होती. लागतील ते प्रोग्रॅम इंटरनेटवरून तयार पॅकेज म्हणून उतरायचे. यंदा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम घालायला गेली, तर पडद्यावर उत्तर आलं : या यंत्रांसाठी पॅकेज उपलब्ध नाही. कुठे तरी परदेशात कुणी तरी ठरवलं होतं, की असली यंत्रं आता कोण वापरतंय! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या चौतीस मुली वापरत होत्या, त्यांना कुणी विचारलं?

तयार पीठ मिळेना, तर घरी दळायचं. मूळ कोड फुकट होता, त्यापासून पॅकेज स्वतःच बनवायला तिने घेतलं. त्यासाठी यंत्र सलग तीस तास चालू हवं. पण शाळा सुटली की मेन स्विच बंद, ही शिपाई आसाराममामांची वीस वर्षांची शिस्त. दोनदा काम अर्ध्यात मेलं. मामांना सांगा, म्हणून तिने सरांना तीनदा विनवलं. सर ‘सांगतो’ म्हणाले आणि विसरले. शेवटी तिने एक संगणक स्कुटीवर घालून घरी नेला. काल संध्याकाळी पॅकेज तयार झालं.

आता सरांच्याच मॉनिटरला वायर जोडून तिने प्रोग्रॅम उघडला आणि शाळेचं नाव टाइप केलं.

“चालतंय की वो!”

“बाकीचे तेरा बी चालतील. दुपारपर्यंतचं काम हाय.”

“व्हय, पन टेम्पोवाल्याला शब्द दिलाय. आन नवीन टॅब येनारच हायेत.”

“कधी?”

“येतील.”

बंद पडलेल्या यंत्रावर माणूस चिडला, तर ती समजू शकत होती. हा चालत्या यंत्राच्या मुळावर उठला होता. तिने ‘निरुपयोगी’वर काट मारली. खाली लिहिलं, ‘एक मुख्याध्यापकांसमोर चालवून दाखवला. बाकीचेही चालतील.’ आणि सही ठोकली.

“अवो, असला कागद वर कसा धाडू?”

“तुमचं तुमी बघा.”

तिने संगणक उचलून रिकाम्या संगणक प्रयोगशाळेत नेला. दुसऱ्या खेपेला सरांचा मॉनिटरही नेला.

घंटा झाली. “एकेकीने या,” ती म्हणाली.

चौतीस मुलींची रांग प्रयोगशाळेच्या दारापासून सुरू झाली, व्हरांडा उतरून थेट टेम्पोच्या पुढ्यात गेली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. एकही मुलगी हलली नाही.