माझ्या अंगावरच्या तेरा रेघा

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे फिल्म आहे, पण माझ्यात हाड शोधू नका. मला उजेडासमोर धरलंत तर तुम्हाला तेरा वाकड्यातिकड्या रेघा दिसतील. बहुतेक एकीच्या आत दुसरी अशा, आणि प्रत्येकीजवळ बारीक अक्षरात तारीख. पाहणारे विचारतात, हा कुठल्या डोंगराचा नकाशा? मला हसू येतं. हा सावद्याच्या पंडितभाऊंचा तळवा आहे आणि तो वाचला कसा, हे माझ्याइतकं नीट कोणी सांगू शकणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. सावद्याच्या दवाखान्यात आले तेव्हा मी कोरी होते. गावात एक्स-रेला सगळे 'फोटो' म्हणायचे. माझ्यावर पहिला फोटो उमटला तो झुंबरबाईंच्या मनगटाचा. त्या केळीच्या बागेत पाय घसरून पडल्या होत्या. डॉक्टरांनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं, मनगटातली चीर बोटानं दाखवली, आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. झुंबरबाईंचा हात जुळला. त्या मला न्यायला काही आल्या नाहीत. पुढं पाच वर्षं मी तपकिरी पाकिटात कपाटाच्या तळाशी पडून राहिले.

मग एक दिवस एक्स-रे काढणाऱ्या जीवरामनं जुन्या फिल्मांचा गठ्ठा उपसला आणि आम्हाला सोड्याच्या गरम पाण्यात घासून काढलं. मनगट गेलं, चीर गेली, कोपऱ्यातला नंबरसुद्धा गेला. तेव्हा मी मनातून खूप रडले. उरली ती नुसती निळसर, आरपार दिसणारी पातळ फिल्म. खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी जीवराम मला ठोकणारच होता, तेवढ्यात ड्रेसिंगच्या खोलीतून मंजुळाबाई तणतणत आल्या आणि म्हणाल्या, "जीवराम, एक धुतलेली फिल्म दे. एकदाची त्या लताबाईंची खोड मोडते."

मंजुळाबाई दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर. माहेर धुळ्याकडचं, पण सावद्यात बावीस वर्षं काढलेली. हात इतका हलका की चिकटलेली पट्टी सोडवताना माणसाला कळायचंही नाही. मात्र वेळेच्या बाबतीत भारी कडक. ड्रेसिंग सकाळी नऊ ते दहा. दहाला दार बंद. मग कोणी कितीही विनवण्या करो, बाई दार उघडत नसत. डॉक्टरसुद्धा त्यांच्या दारावरून घड्याळ लावायचे.

बाई कशावरून चिडल्या होत्या, ते त्यांनीच जीवरामला सांगितलं. आसपासच्या जिल्ह्यांतल्या परिचारिकांचं एक मंडळ होतं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जळगावात एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा वर्ग भरे आणि नोकरीतल्या सिस्टर तिथं पुन्हा बाकावर बसून शिकत. बाई सभासद होत्या, पण जायच्या नाखुशीनं. त्या जूनमध्ये शिकवायला लताबाई नावाच्या तरुण शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, जखम नुसती बघू नका, दर आठवड्याला मोजा. एक्स-रेची धुतलेली फिल्म घ्या, जखमेची कड आखा आणि आत किती चौकटी बसतात ते मोजा.

बाई उभ्या राहिल्या. "तुम्ही पाटीवर अक्षरं गिरवत होतात तेव्हापासून मी जखमा बांधतेय. माझे डोळे मोजपट्टीपेक्षा पक्के आहेत."

"मग मोजपट्टीला भ्यायचं काय कारण?" लताबाई हसून म्हणाल्या. "महिनाभर एकच जखम मोजून आणा. तुमचे डोळे बरोबर निघाले तर पुढचा वर्ग तुम्ही घ्या, मी बाकावर बसते."

तर मित्रांनो, माझं दुसरं आयुष्य असं पैजेतून सुरू झालं. बाईंनी मुद्दाम पंडितभाऊंची जखम निवडली. ती सुधारतेय याची त्यांना पक्की खात्री होती.

पंडितभाऊ गावापासून दोनेक कोसांवर, स्टेशनाकडच्या वस्तीत राहायचे. केळीचे घड खांद्यावर घेऊन फळीवरून रेल्वेच्या वॅगनमध्ये चढवायचे, हे त्यांचं काम. त्यांना साखरेचा आजार होता. त्या आजारात कधी कधी पायाची जाणीव जाते. चपलेतून वर आलेला खिळा दिवसभर टोचत राहिला आणि भाऊंना पत्ताच लागला नाही. तळव्याला भली मोठी जखम झाली. जळगावच्या सर्जननी सांगितलं होतं की पोळ्यापर्यंत जखम आवरली नाही तर पाऊल काढावं लागेल. पाऊल गेलं की फळी चढणं गेलं आणि घर बसलं. म्हणून त्यांच्या पत्नी तानुबाई रोज एकच विचारायच्या, "बाई, पाय राहीन ना?" आणि बाई ठामपणे म्हणायच्या, "राहील. बरं चाललंय."

पहिल्या बुधवारी बाईंनी मला स्पिरिटनं पुसलं. जखमेवर आधी स्वच्छ प्लास्टिकचा पातळ तुकडा, त्यावर मी. तो तुकडा दर वेळी फेकून द्यायचा, मला मात्र जपून ठेवायचं. काचेवर लिहायच्या पेनानं त्यांनी माझ्यावर जखमेची कड आखली, खाली चौकटींचा कागद धरला आणि मोजलं. अडतीस चौकटी.

दुसऱ्या बुधवारी एकोणचाळीस. "पेन सरकलं," बाई म्हणाल्या. तिसऱ्या बुधवारी एक्केचाळीस. त्यांनी तीनदा मोजलं, मग जीवरामला बोलावून मोजायला लावलं. चौथ्या बुधवारी त्रेचाळीस.

बाई स्टुलावर बसल्या. मला दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या. रोज पाहणाऱ्याला कालचा आणि आजचा फरक दिसत नाही आणि त्या तर चार महिने रोज पाहत होत्या. मी घाबरले. आता या मला कात्रीनं कापणार आणि पैज विसरून जाणार, असं मला वाटलं. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर तसंच केलं असतं. बाईंनी मात्र मला कोऱ्या पाकिटात घातलं आणि रविवारी पिशवीत घेऊन जळगावची एसटी पकडली.

हॉलमध्ये चाळीसेक सिस्टर होत्या. बाईंनी मला खिडकीच्या काचेवर धरलं आणि म्हणाल्या, "लताबाई, मी हरले. जखम वाढतेय आणि मी पेशंटच्या बायकोला रोज सांगतेय, बरं चाललंय. पोळ्याला माणसाचं पाऊल जाईल. माझं काय चुकतंय ते सांगा."

मला वाटलं कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. उलट सगळ्या उठून माझ्याभोवती जमल्या. साखर किती, गोळ्या कोणत्या, जखम कशानं धुता, असे प्रश्न सुरू झाले. रोज फसफसणारं औषध ओतू नका, नव्या कोवळ्या मांसालाही ते जाळतं, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवा, असं लताबाईंनी सांगितलं. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात मागून वरणगावच्या कुंदाबाई पुढं आल्या. अंगानं धिप्पाड, आवाज खणखणीत. त्यांनी माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, "हा माणूस तुमच्याकडं येतो कसा?"

"कसा म्हणजे?"

"पायी येतो, की गाडीनं?"

मंजुळाबाईंचा चेहरा उतरला. चार महिने त्यांनी भाऊंचा तळवा बघितला होता, पण ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाऊ नऊच्या आत हजर. बाईंनी पट्टीला हातही न लावता विचारलं. "पायीच येतो, बाई," भाऊ म्हणाले. "एश्टी साडेधाले येते. तुम्ही तं धाले दार लावता. चार महिन्यात एक दिवस खाडा नही केला." हे त्यांनी अगदी अभिमानानं सांगितलं.

"अहो, पण पायाला जखम!"

"दुखतच नही, बाई. मंग चालाले काय व्हतं?"

तानुबाई म्हणाल्या, "मी म्हने, कोनाची गाडी मांगा. हे म्हनत, येळ चुकला तं बाई रागावतीन."

मित्रांनो, त्या क्षणी खोलीत जे झालं ते मी टेबलावरून पाहिलं. म्हणजे बाई रोज जखम बांधत होत्या आणि बाईंनीच लावलेल्या वेळेपायी ती रोज कोसन्‌कोस तुडवली जात होती. बाईंनी भाऊंचं पाऊल मांडीवर घेतलं. एरवी शुद्ध बोलणाऱ्या त्या बाई सगळा दोष स्वतःकडं घेत माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "भाऊ, ही मनी चूक शे. बठ्ठी मनी."

"आसं काहून बोलता?" भाऊ गोंधळून म्हणाले. "तुम्हीच तं माह्या पाय वाचवू राह्यल्या."

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच कामाला लागल्या. त्याच दिवशी दारावरची वेळेची पाटी उतरली आणि एसटी आल्यानंतरही दार उघडं राहू लागलं. भाऊंना जमिनीवर ते पाऊल टेकायला बंदी झाली. कुंदाबाईंनी वरणगावहून कुबड्यांची जोडी पाठवली. डॉक्टरांनी साखरेचं औषध बदललं आणि जखमेभोवतीचा कडक घट्टा काढून टाकला. बाईंनी तानुबाईंना पट्टी बांधायला शिकवलं आणि दर बुधवारी व शनिवारी दुपारच्या एसटीनं त्या स्वतः वस्तीवर जाऊ लागल्या. बुधवारी मीही बरोबर असे.

पाचवी रेघ चौथीवरच बसली, जराही आत आली नाही. तानुबाईंनी माझ्याकडं रागानं पाहिलं. जणू मीच अडून बसले होते! पण सहावी रेघ आत आली. सातवी आणखी आत. पोळ्याच्या आधीच्या बुधवारी दहावी रेघ आली तेव्हा तिच्यात सोळा चौकटी होत्या.

पोळा झाला. भाऊ, तानुबाई आणि मंजुळाबाई जळगावला गेले. खाट तयार होती. सर्जननी पाऊल पाहिलं आणि म्हणाले, "जखम तर आहेच अजून."

बाईंनी पिशवीतून मला काढलं आणि सरळ भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावलं. मित्रांनो, झुंबरबाईंच्या मनगटानंतर पहिल्यांदाच मी त्या उजेडात उभी राहिले. सर्जन बोटानं एकेक रेघ मोजत गेले. चौथीपाशी थांबले. "इथपर्यंत वाढली कशानं?"

"माझ्या चुकीनं. मी त्यांना रोज चालायला लावत होते."

"आणि इथून पुढं?"

"चालणं बंद केलं."

सर्जननी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी केसपेपरवरचा ऑपरेशनचा शब्द खोडला आणि महिन्यानं दाखवायला सांगितलं. तानुबाई तिथंच खाली बसून रडल्या. मी पेटीवर दिमाखात झळकत होते. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला.

त्यानंतर आणखी तीनच रेघा उमटल्या. चौदाव्या बुधवारी बाईंनी पेन उघडलं, तळवा नीट निरखला आणि पेनाला टोपण लावलं. आखायला काही उरलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात मंडळाचं अधिवेशन धुळ्याला देवपुरात भरलं आणि मला मानाचं निमंत्रण आलं. पण कोणीतरी सुचवलं की पहिल्या चार रेघा बऱ्या दिसत नाहीत, नवीन फिल्मवर फक्त आत येणाऱ्या रेघा उतरवू, मंडळाची शोभा राहील. मंजुळाबाई म्हणाल्या, "त्या चार रेघा काढल्या तर मागं फक्त माझं कौतुक राहतं. त्यातून या पोरींनी काय शिकायचं?" मग मी होते तशीच व्यासपीठावर गेले. बाईंनी आपली चूक शंभर जणींसमोर न अडखळता सांगितली.

पुढं कितीतरी वर्षं मी दर वर्गात हातोहात फिरले. मग वर्गात स्लाइडचं यंत्र आलं. रंगीत जखमा पडद्यावर दिसू लागल्या आणि मी मंडळाच्या कपाटात, जुन्या प्रमाणपत्रांच्या मागं गेले. झुरळांनी माझा एक कोपरा खाल्ला. बाई निवृत्त झाल्याचं कानावर आलं. आता आपलं संपलं, असं मी धरून चालले होते.

सत्त्याण्णव साली एका रविवारी लताबाईंनी कपाट उघडलं. त्यांचे केस पांढरे झाले होते आणि त्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी मला पुसून हॉलमध्ये नेलं. पुढं स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी मऊ रबराची चप्पल काढली आणि पाय समोरच्या बाकावर ठेवला. लताबाईंनी मला अलगद त्या तळव्यावर ठेवलं. तेरा रेघा आपापल्या जागी बसल्या, आणि त्यांच्या आत होती नुसती धड कातडी.

पंडितभाऊ मात्र माझ्याकडं बघत नव्हते. ते हॉलभर कोणाला तरी शोधत होते. शेवटच्या बाकावर, नव्या पोरींच्या शेजारी, मांडीवर वही उघडून मंजुळाबाई बसल्या होत्या. नोकरी संपली तरी दुसरा रविवार त्यांनी सोडला नव्हता. त्या दिसताच भाऊ मोठ्यानं म्हणाले, "बाई, आज एश्टीनंच आलो बरं का. पायी नही!"

सगळा हॉल हसला. बाई हसता हसता रडल्या आणि मग त्यांनी वहीत तारीख घातली.

मित्रांनो, माझं आता वय झालं. तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी सिस्टर होईल, कोणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं पाऊल मांडीवर घेईल. तेव्हा माझी एवढी विनंती लक्षात ठेवा. कितीही वर्षांचा अनुभव असला तरी मोजायला लाजू नका, चुकलं तर ते चारचौघांसमोर सांगा आणि शिकायच्या बाकावरची आपली जागा सोडू नका. आणि कोणी जखम घेऊन दारात आलं, तर पट्टी सोडण्याआधी त्याला विचारा, बाबा, तू इथवर आलास कसा?