छत्तीसनंतरचे चार फोटो

खुळ्ळ! खुळ्ळ!

दुपारच्या निजानीज झालेल्या घरात एवढाच आवाज झाला. चार वर्षांच्या ठकूने कपाटाचा खण उघडून माझी प्लॅस्टिकची डबी शोधून काढली होती आणि खुळखुळा वाजवावा तशी ती वाजवत होती. आत मी होतो. मित्रांनो, मी रंगीत फोटोंचा एक जुना रोल आहे.

तेव्हा फोनने फोटो निघत नसत. कॅमेऱ्यात माझ्यासारखा रोल भरायचा, छत्तीस फोटो काढायचे आणि ते उमटावेत म्हणून रोल लॅबमध्ये धुवायला टाकायचा. माझा जन्म काळ्याकुट्ट अंधारातला. कारखान्यात मला रंगांचे थर देणाऱ्या माणसांनीसुद्धा मला कधी डोळे भरून पाहिलं नाही. उजेडाचा कवडसा लागता तर मी वायाच गेलो असतो. आम्हाला उजेड मिळतो तो फोटोपुरता, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. तेवढ्यासाठीच तर आम्ही असतो.

मला विकत आणलं ठकूच्या बाबांनी. त्यांचा धंदाच फोटोंचा. घरात ठकूचे फोटो ढीगभर. आईच्या कडेवर, आजोबांच्या खांद्यावर, मावशीच्या साडीचा पदर तोंडात घालून. पण बाबांबरोबर एकही नाही, कारण कॅमेऱ्यामागे कायम तेच. मग ते आजारी पडले. बोटांत जोर उरला नाही. ठकू तेव्हा वर्षाची होती. एके सकाळी तिची आई म्हणाली, "आज फोटो मी काढणार. लेकीला मांडीवर घे आणि शहाण्यासारखा बस."

"रोल भरता येतो का तुला?"

"तू सांग, मी भरते. त्यात काय मोठं विमान चालवायचंय?"

बाबा सांगत गेले, आई करत गेली. माझं टोक पलीकडच्या चकतीच्या खाचेत अडकवायचं, झाकण लावायचं, रोल पुढे सरकवणारा खटका ओढायचा. "आणि डावीकडची चावी आपोआप फिरतेय का बघ हं. ती फिरली तरच रोल सरकतोय."

"फिरतेय, फिरतेय!"

तिने पाहिलंच नव्हतं. नेमका तेव्हाच ठकूने बाबांचा चष्मा ओढला होता आणि आई त्या दोघांकडे बघत होती. चावी जागची हलली नव्हती. माझं टोक खाचेतून निसटलं होतं. मी माझ्या पत्र्याच्या नळकांड्यात जिथल्या तिथे गुंडाळून बसलो होतो.

बाहेर फोटोंचा नुसता सपाटा चालला होता. "मान वर कर ना रे!" "अगं, दमली ती आता." "एकच, शेवटचा!" असे शेवटचे दहा तरी झाले असतील. मला सगळं ऐकू येत होतं, दिसत मात्र काहीच नव्हतं. ओरडावंसं वाटे, पण तोंड कुठून आणू?

छत्तीस झाले. आईने खटका ओढला, तर तो अडायच्या ऐवजी ओढला गेला. "अरे, सदतीस! अडतीस!" करत तिने चाळीस गाठले. "चार फुकट! बघ, माझा हातगुण!"

एखाददुसरा फोटो जास्तीचा निघतो, चार निघत नाहीत. बाबांनी कॅमेरा हातात घेऊन मला परत नळकांड्यात गुंडाळायला चावी फिरवली. दोन वेढ्यांतच ती मोकळी फिरू लागली. त्यांना कळलं. मला खात्री आहे, त्यांना सगळं कळलं. पण ते हसले, चांगले मोठ्याने हसले. "हात चांगलाय तुझा," म्हणाले. "उद्या आणखी एक रोल आणू."

संध्याकाळीच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते परत आले नाहीत.

त्यानंतर तीन वर्षं मी खणात होतो. आई मला कितीदा बाहेर काढी, मुठीत धरी आणि परत ठेवून देई. धुतला की त्यांचं नवं काही बघायचं उरणार नाही, ही तिची भीती. पण त्या दुपारी ठकूने विचारलं, "यात काय आहे?" आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "बाबा आहेत." मग काय, ठकूने घर डोक्यावर घेतलं. मला घेऊन दोघी लॅबकडे निघाल्या. वाटभर आई सांगत होती, "आणि शेवटी तर बाबा इतके हसले, इतके हसले..."

लॅबवाल्या काकांनी मला अंधारात कोमट रसायनांतून काढलं, धुतलं, चिमट्याला टांगून वाळवलं. मग खालून दिवा असलेल्या काचेवर आडवा केला. आयुष्यात पहिल्यांदाच मला पोटभर उजेड मिळाला, आणि दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं. नुसती नारिंगी पट्टी.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी कायम कॅमेऱ्यामागे उभं असेल. त्यांना पुढे बसवा. उद्या नको, आजच.

"धुण्यात चूक नाही, ताई," काका म्हणाले. "कडेचे कारखान्यातले आकडे स्वच्छ उमटलेत. रोल पुढे सरकलाच नाही. कोरा आहे."

"चाळीस काढले होते हो मी..."

"छत्तीसच्या रोलात चाळीस? जाणत्या माणसाला तिथेच कळतं, ताई."

"जाणता माणूस समोरच बसला होता," आई हळूच म्हणाली.

ठकूने टाचा उंचावून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग आईच्या ओढणीचा शेव ओढत विचारलं, "आई, फोटो येणार नाहीत हे बाबांना कळलं होतं? मग ते हसले कशाला?"