काहीतरी निघू दे

"काय रे, थांबलास का?" मास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं.

कारागिराचा वस्तरा त्यांच्या गालापाशी अडला होता. ओला कपडा पिळावा तसा त्याचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत पिळवटून निघत होता. त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि शेजारी केस कापणाऱ्या धाकट्या भावाला म्हणाला, "तेवढी यांची दाढी पुरी कर."

"आत्ता तर दुकान उघडलंय, दादा," भाऊ म्हणाला, पण पुढे झाला. अर्ध्या गालाला साबण लावून बसलेले मास्तर आरशातून कारागिराकडे बघत राहिले.

दुखणं खांद्यात सुरू झालं होतं आणि आता अंगभर घर करून बसलं होतं. त्याहून वाईट तो थकवा. झोपून उठावं तर दगड फोडून आल्यासारखं अंग. शर्टाची बटणं लावता लावता मध्येच बसावं लागे. हाडांच्या डॉक्टरांनी हाडं पाहिली, नसांच्या डॉक्टरांनी नसा. सगळं चांगलं. बाकीचे पेशंट रिपोर्ट चांगला यावा म्हणून देवाचा धावा करत. हा बाकावर बसून मनात म्हणे, काहीतरी निघू दे. कसलाही असो, नाव असलेला आजार निघू दे. शेवटच्या डॉक्टरांनी तर मानही वर न करता सांगितलं होतं, "मन कशात तरी रमवा."

आज तो सकाळीच घरी परतलेला पाहून बायको म्हणाली, "डॉक्टरच म्हणतात काही नाही, मग उभं राहायला काय होतंय? भावजी एकटे किती ओढतील?"

"मला काय हौस आलीय पडून राहायची?"

"मी कुठं म्हणतेय? शेजारीपाजारी म्हणतात."

शेजाऱ्यांच्या आडून ती स्वतःचंच बोलतेय, हे त्याला कळलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. असंच जगायचं असेल तर उद्या उजाडूच नये, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचारानं तो स्वतःच चरकला.

संध्याकाळी मास्तर चौकशीला आले. "माझ्या बहिणीचं असंच होतं," ते म्हणाले. "आम्ही सगळे तिला आळशी म्हणायचो. मग संधिवाताच्या एका डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. त्यांच्याकडे जा."

"आता नको, मास्तर. परत कुणी 'काही नाही' म्हणालं तर..."

"जाऊन येऊ," बायको म्हणाली. "शेवटचं."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी त्यालाच बोलू दिलं. मानेवर, खांद्यांवर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोटांनी दाबून पाहिलं. तो कळवळला.

"झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं?"

"शेवटचं कधी वाटलं, आठवत नाही."

"फायब्रोमायल्जिया म्हणतात याला. रक्तात दिसत नाही, फोटोत दिसत नाही. दुसरा कुठला आजार नाही, एवढं या रिपोर्टांवरून कळलं."

त्यानं ते नाव पुन्हा म्हणून पाहिलं. जीभ अडखळली. "बरा होईन मी?"

"दुखणं कमी करता येईल, झोप सुधारता येईल. हळूहळू. पण पूर्वीसारखे दिवसभर हात वर धरून उभे राहाल, असं खोटं आश्वासन मी देणार नाही."

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाहेर बायको बसलीय. तिच्यासमोर एकदा सांगाल?"

बायको आत आली. पदर सावरून खुर्चीच्या कडेवर टेकली आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे यांचं खरंच दुखतं?"

"खरंच दुखतं, बाई."

तिनं मान हलवली. त्याच्याकडे मात्र तिला बघवेना.

जिना उतरताना मध्येच तो पायरीवर टेकला. एरवी ती पुढे जाऊन खाली वाट बघत उभी राहायची. आज ती त्याच पायरीवर बसली.

"दुकानाचं भावजींना मी सांगेन," ती म्हणाली. "तुम्ही नका सांगू."

वरखाली करणारी माणसं दोघांना वळसा घालून जात होती. त्यांना वाट द्यायला ती आणखी थोडी त्याच्याकडे सरकली.